डावा हात, मार्कर अन सबनेटचा तक्ता

लिहीन लिहीन म्हणता म्हणता कापसाचा अख्खा सीझन गेला, आता जरा मोकळा झालो तर लिहून टाकतो. विषय छोटासाच आहे, सीसीएनएच्या (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) पेपरात जो कच्चा कागद देतात त्याच्यावर काय लिहायचं अन काय नाही. कागद नसतोच तो, पण ते पुढं येईल. मला तीन-चार पोट्ट्यांनी फोन करून हेच विचारलं, दरवेळी अर्धा तास फोनवर तेच ते सांगत बसण्यापेक्षा हे बरं. पेपरातले प्रश्न कोणी विचारू नका, ते सांगायचे नाहीत असं आपण सुरुवातीलाच कबूल करून बसतो अन मी सांगणारही नाही. डम्पच्या (पेपरातून चोरलेल्या प्रश्नांच्या) पीडीएफ मागायला तर फोनच करू नका.

मी समुद्रपूर तालुक्यातला, जिल्हा वर्धा. काम करतो गावोगावी केबल अन इंटरनेट देणाऱ्याकडे, म्हंजे खांबावर चढणं, तुटलेली फायबर जोडणं, अन रात्री साडेदहाला "भाऊ नेट गेलं" असा फोन आला की टॉर्च घेऊन निघणं. राउटरला हात लावायची सवय आहे पण आत काय चाललंय ते नीट कळत नव्हतं, म्हणून दोन वर्षं रात्री बसून अभ्यास केला. लॅब सगळी पॅकेट ट्रेसरवर (कॉम्प्युटरवरच खोटे राउटर जोडून पाहायचं सॉफ्टवेअर), ते फुकट आहे. परीक्षेची फी मात्र फुकट नाही. ३०० डॉलर, वर टॅक्स. बाबांना डॉलरमध्ये सांगून उपयोग नव्हता म्हणून कापसात सांगितलं. २०२४-२५ ला लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ रुपये क्विंटल होता, तर टॅक्स धरून जवळपास चार क्विंटल. बाबा बराच वेळ गप बसले. मंग म्हणे, "नापास झाला तं वापस देतेत का बे?" नाई देत, म्हटलं.

अन मी नापास झालो.

पहिल्यांदा घरूनच दिला होता, ऑनलाइन. नेट आपलंच, कोणाच्या बापाची भीती नाही असं वाटलं. पण घरून दिला तर कागद-पेन अजिबात चालत नाही, ते लोक स्क्रीनवरच एक पांढरा फळा देतात अन त्यावर माउसनं गिरवा नाहीतर टाइप करा. आधी मोबाइलनं खोलीचे चारी बाजूंचे फोटो पाठवायचे, टेबल मोकळं पाहिजे. भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं मला, ज्याच्यावर आईनं दुधाचा हिशोब लिहिला होता. खोलीत दुसरं कोणी आलं तर पेपर तिथंच बंद होऊ शकतो म्हणून आईला बाहेर दारापाशी बसवलं. संक्रांतीचे दिवस, शेजारची काकू वाण द्यायला आली अन दारातूनच, "आतमंधी कोन आहे व?" आई दबक्या आवाजात, "कोनी नाई, पोरगं पेपर देऊन राह्यलं." मला आत सगळं ऐकू येत होतं अन घाम फुटला होता. त्यात मला प्रश्न पुटपुटत वाचायची सवय, तर चॅटमध्ये सूचना आली की ओठ हलवू नका.

पण नापास होण्याचं कारण काकू नाही अन ओठही नाही. कारण तो फळा. मी इंटरनेटवर वाचून ठरवलं होतं की पेपर सुरू झाला की डोक्यातलं सगळं आधी उतरवून काढायचं, सबनेटचा तक्ता (मोठ्या नेटवर्कचे लहान तुकडे करायचा हिशोब), पोर्ट नंबर (कोणती सेवा कोणत्या नंबरावर चालते), सगळ्या राउटिंग प्रोटोकॉलचे एडी (राउटरनं कोणी सांगितलेल्या रस्त्यावर आधी भरवसा ठेवायचा ते आकडे, कमी तो आधी), एसटीपीचे कॉस्ट, हेक्साडेसिमल (सोळाच्या पायावरचे आकडे), ओएसआयचे सात लेअर, सगळं. वहीत ते सात मिनिटांत होत होतं. माउसनं आकडे काढता काढता अठरा मिनिटं गेली, अन १९२ चा ९ असा आला होता की मलाच तो ४ वाटत होता. एकूण वेळ १२० मिनिटं. अन ह्या परीक्षेत मागं जाता येत नाही, एकदा पुढचा प्रश्न उघडला की आधीचा गेला, म्हंजे "नंतर पाहू" हा आपला शाळेपासूनचा धंदा इथं चालत नाही. शेवटचे प्रश्न मी वाचलेसुद्धा नाही, नुसत्या टिक मारल्या. पासिंगला किती लागतात ते कंपनी जाहीर करत नाही, पण मला गरजही नव्हती, निकाल यायच्या आधीच कळलं होतं.

नापास झालं की पाच दिवस थांबून परत देता येतो. पाच दिवसांत चार क्विंटल कापूस कुठून येणार, मी महिना-सव्वा महिना घेतला. अन ठरवलं की ह्या वेळी नागपूरला सेंटरवर जाऊन द्यायचा, हातानं लिहायला मिळेल.

आता सेंटरवर काय देतात ते सांगतो. कागद नाही, लॅमिनेशन केलेला जाड तक्ता अन बारीक टोकाचा मार्कर. माझ्या ओळखीच्या एकानं हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं त्यात काय, लिहिणं ते लिहिणं. तरी एकदा करून पाहावं म्हणून सेवा केंद्रात गेलो, जिथं आपण आधारकार्ड लॅमिनेट करतो, अन कोरा ए-फोर कागद लॅमिनेट करून मागितला. तो पोट्टा माझ्याकडे पाहतच राह्यला, "भाऊ, ह्याच्यावर काहीच नाही ना." हाव बाप्पा, काहीच नाही, तसाच पाहिजे.

घरी आलो, मार्कर घेतला, तक्ता लिहिला, अन शेवटच्या आकड्यापर्यंत पोचलो तेव्हा पहिले चार आकडे गायब. मी डावखुरा आहे. डाव्या हातानं डावीकडून उजवीकडे लिहायचं म्हंजे तळहात लिहिलेल्यावरूनच घासत पुढं जातो. वहीत बॉलपेननं ते कधी जाणवलं नाही, फार तर करंगळीखाली शाई लागायची. पण प्लास्टिकवरचा मार्कर वाळायला वेळ घेतो, म्हंजे माझा एक हात लिहित होता अन तोच हात पुसत होता. लहानपणी प्रसाद घ्यायला डावा हात पुढं केला म्हणून आजीचे फटके खाल्ले, शाळेत गुरुजींनी उजव्या हातात पेन्सिल कोंबून पाहिली, पण डाव्या हातानं माझं खरं नुकसान होणार ते ह्या परीक्षेत होणार होतं.

दोन दिवस हात उचलून लिहायची प्रॅक्टिस केली, खांदा भरून आला. मंग एका रात्री पुतणीची पाटी घेऊन बसलो होतो (तिची पाटी अन माझं लॅमिनेशन आलटून पालटून चालायचं, पाटीवर खडू-पेन्सिलचं मला बरं वाटतं) अन सहज उजव्या टोकाकडून सुरू केलं. १. त्याच्या डावीकडे २. मंग ४, ८, १६. अरे, हे तर दुप्पटच होत चाललंय, हे डोक्यातूनही यायची गरज नाही, हात पुढं सरकतो अन आकडा दुप्पट होतो. १२८ ला येऊन थांबलो. हात कोऱ्या जागेवर, मागं सगळं शाबूत.

मंग खालची ओळ, मास्कची (आयपी पत्त्यातला किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा). तीही उजवीकडून. २५५ लिहा. त्यातून वरचा १ वजा करा, २५४ डावीकडे. त्यातून वरचे २ वजा, २५२. त्यातून ४, २४८. त्यातून ८, २४०. १६ गेले २२४, ३२ गेले १९२, ६४ गेले १२८. प्रत्येक वेळी ज्या घरात उभे आहात त्याच्या डोक्यावरचा आकडा वजा करून डावीकडच्या घरात टाकायचा. दोन वर्षं मी ही ओळ पाठ करत होतो, १२८-१९२-२२४-२४० असं मारुती स्तोत्रासारखं, अन मध्येच कोणी हाक मारली की परत पहिल्यापासून. उजवीकडून गेलं तर पाठच करावी लागत नाही. तिसरी ओळ तर सोपीच, /३२ पासून उलटं मोजत /२५ पर्यंत (पत्त्याच्या ३२ बिटांपैकी किती नेटवर्कचे, तो हा आकडा).

पूर्ण झाल्यावर असं दिसतं:

१२८  ६४  ३२  १६  ८  ४  २  १
१२८  १९२  २२४  २४०  २४८  २५२  २५४  २५५
/२५  /२६  /२७  /२८  /२९  /३०  /३१  /३२

ह्याच्या खाली अजून एक ओळ /१७ ते /२४ अन तिच्या खाली /९ ते /१६, झालं. मी घड्याळ लावून पाह्यलं, शेवटी शेवटी पावणेदोन मिनिटांत होत होतं.

वापरायचा कसा? समजा आयपी पत्ता १९२.१६८.१०.७७/२७ दिलाय. /२७ च्या वर पाहा, २२४ मास्क, त्याच्या वर ३२. म्हंजे ३२-३२ चे तुकडे, ०, ३२, ६४, ९६. ७७ कुठं बसतो, ६४ अन ९६ च्या मध्ये. नेटवर्क ६४ (तुकड्याचा स्वतःचा पत्ता), ब्रॉडकास्ट ९५ (सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता), मशीनला वापरायला ६५ ते ९४. वाइल्डकार्ड मास्क (मास्कचा उलटा) पाहिजे तर तुकड्यातून एक कमी, ०.०.०.३१. १७२.१६.४५.२०० ला /२० असेल तर तेच काम तिसऱ्या घरात (म्हंजे पत्त्यातल्या तिसऱ्या आकड्यात), तुकडा १६ चा, ३२ ते ४७ मध्ये ४५ बसला, म्हणून नेटवर्क १७२.१६.३२.० अन ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. इथं बरेच जण चौथ्या घरातल्या २०० वर हिशोब करत बसतात. त्या २०० चा ह्यात काही संबंध नाही.

बाबांना हे सगळं एकदा समजावून सांगितलं होतं, आमच्याकडे लाइट गेली होती अन दोघंही ओट्यावर बसलो होतो. वाटणीसारखं आहे म्हटलं. एक वावर आहे २५६ ओळींचं. पहिली अन शेवटची ओळ धुऱ्यात (बांधात) जाते, राह्यल्या २५४. आता त्याच वावराच्या चार वाटण्या करा, प्रत्येकाला ६४, पण प्रत्येकाचे दोन धुऱ्यात, हातात राह्यले ६२. चार बासष्टे २४८. आठ वाटण्या केल्या तर तीस-तीस, एकूण २४०. अन /३० पर्यंत तुकडे करत गेलं तर चौसष्ट वाटण्या, प्रत्येकाच्या हातात दोनच ओळी, एकूण १२८. अर्धं वावर धुऱ्यात गेलं. बाबा अन मोठे काका धुऱ्यापायी सहा वर्षं तहसीलच्या चकरा मारत होते, त्यामुळे हे त्यांना लगेच कळलं, मी शिकवलेल्या कोणत्याही पोट्ट्यापेक्षा लवकर. म्हणे, "मंग दोन भावाईनं समजूतदारपणा केला, धुराच नाई टाकला, तं?" तसंही आहे म्हटलं, /३१ म्हणतात त्याला, दोन राउटर समोरासमोर एकाच तारेवर असले तर चालतं, २००० साली आरएफसी ३०२१ मध्ये (इंटरनेटच्या नियमांचा कागद) तसं लिहून ठेवलंय. "आमच्या टायमाला नव्हतं ना ते," बाबा म्हणाले.

तर तक्ता झाला. आता बाकीचं काय लिहायचं? माझं मत असं बनलं की जे तुम्ही रोज वापरता ते अजिबात लिहायचं नाही. पोर्ट नंबरच घ्या, डीएनएस ५३, डीएचसीपी ६७-६८, एसएसएच २२, हे माझ्या हाताखालून रोज जातं, ते लिहून मी कोणाला दाखवणार आहे? खासगी आयपीच्या (आतल्या नेटवर्कसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांच्या) तीन रेंजही लिहायच्या नाहीत. तिघांपैकी १७२ वाल्याचं लोक विसरतात की १६ पासून कुठपर्यंत, पण ती /१२ आहे, /१२ म्हंजे दुसऱ्या घरात तुकडा १६ चा, म्हणून १६ ते ३१, तक्त्यातूनच निघतं. हेक्साचंही तसंच, ए म्हंजे १० अन एफ म्हंजे १५ एवढं तरी डोक्यात पाहिजेच.

लिहायचं ते, जे शांत असताना येतं अन घाबरल्यावर पळतं. हे प्रत्येकाचं वेगळं असणार, माझ्या दोन गोष्टी होत्या.

एक, राउट (डेटा जायचा रस्ता) कोणता निवडला जाईल. एडीचे आकडे मला पाठ आहेत, थेट जोडलेलं ०, स्टॅटिक (हातानं टाकलेला रस्ता) १, ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, आरआयपी १२०, अन हे आकडे पाठ असल्यामुळेच मी चुकायचो. एका बाजूला स्टॅटिक राउट /२४ चा, दुसऱ्या बाजूला ओएसपीएफचा /२६ चा, दोन्हीत तो पत्ता बसतो, अन डोकं ओरडतं स्टॅटिक, एक नंबर, स्टॅटिक! नाही. आधी पाहायचं जास्त नेमका कोण, म्हंजे प्रीफिक्स (/ पुढचा आकडा) लांब कोणाचा, तर तो /२६ जिंकला, विषय संपला. एडीची पाळी येते एकच नेटवर्क अन तोच मास्क दोन ठिकाणांहून कळला तर. मेट्रिक (त्या रस्त्याचा खर्च) त्याच्याही नंतर, एकाच प्रोटोकॉलच्या आत. म्हणून बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात मी एवढंच लिहिलं, "लांब, मग एडी, मग मेट्रिक". सराव करताना हीच चूक मी किती वेळा केली असेल, मोजली तर लाज वाटेल.

दुसरं सिसलॉगच्या (राउटर काय झालं त्याचे मेसेज पाठवतो ते) आठ पातळ्या. इमर्जन्सी, अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटिफिकेशन, इन्फर्मेशनल, डीबगिंग, शून्य ते सात. शून्य सगळ्यात वाईट. आपल्या डोक्यात मोठा आकडा म्हंजे मोठा लोचा असं बसलेलं असतं, इथं उलट आहे, अन चार नंबर लावला तर शून्य ते चार सगळे मेसेज येतात, चार ते सात नाही. ह्याच्यासाठी इंग्रजीत एक आइस्क्रीमवालं वाक्य सगळीकडे फिरतं, ते मला कधी पाठच झालं नाही. मी माझं बनवलं: इथं आजीनं कापूस एकटीनं वेचला, नातू इकडं डाराडूर. आठ शब्द, आठ अक्षरं. बोर्डावर लिहायचं फक्त "इ आ का ए वे ना इ डा". पुतणीला हे फार आवडलं, घरभर म्हणत फिरायची.

पेपरच्या दिवशी पहाटेची हिंगणघाटहून एसटी पकडली, जाम, बुटीबोरी करत नागपूर, गणेशपेठला उतरलो तेव्हा साडेआठ झाले होते, स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. परीक्षेच्या दिवशी तर्री खाऊ नये, एवढाच एक नेटवर्किंगबाहेरचा सल्ला. सेंटरवर खिसे उलटे करून दाखवायचे, घड्याळ, पाकीट, मोबाइल सगळं लॉकरमध्ये, चष्मा काढून तपासला, फोटो अन सही. मंग तो लॅमिनेशनचा तक्ता अन मार्कर हातात. पुसायला फडकं नाही, भरला तर हात वर करा, दुसरा देऊ म्हणाले. अन हे पक्कं लक्षात ठेवा, पेपरचं घड्याळ सुरू व्हायच्या आधी काही लिहायचं नाही. जुन्या लोकांनी सांगितलं होतं की सुरुवातीच्या सूचनांची पानं चालू असतात तेवढ्यात लिहून घ्यायचं, तसलं काही करू नका, उगाच बाहेर काढतील. माझा मार्कर हातात होता अन मी सूचना वाचत होतो, बस.

मार्कर अर्धा वाळलेला निघाला. पहिला १ लिहिला तो दिसलाच नाही. हात वर केला, दुसरा आणून दिला, घड्याळ चालूच. मंग १, २, ४, ८, उजवीकडून डावीकडे, हात आपोआप. सगळं मिळून तीन मिनिटं गेली असतील मार्कर धरून. अन गंमत सांगू का, त्या तक्त्याकडे पूर्ण पेपरात मी नीट पाह्यलं असेल सहा-सात वेळा. बाकी वेळा नुसता डोळ्याच्या कोपऱ्यात होता. पण पहिल्या तीन मिनिटांत हातानं काहीतरी बिनचूक करून दाखवलं ना, त्यानंतर छातीतली धडधड थांबली, घरून दिला तेव्हा ती शेवटपर्यंत थांबली नव्हती. मध्ये एक लॅबचा प्रश्न होता, कमांड टाकून कॉन्फिगर करायचा, तिथं बोर्डाच्या उरलेल्या जागेत राउटरचे तीन गोल अन तारा काढल्या अन प्रत्येक तारेवर शेवटचा आकडा लिहिला. ही जागा राखून ठेवायची, सगळा बोर्ड तक्त्यांनी भरायचा नाही, पहिल्या वेळी तेच केलं होतं.

बाहेर निघताना सेंटरवरच्या ताईंनी बोर्ड परत घेतला. एक नजर टाकली त्याच्यावर अन थांबल्या. "हे मराठीत काय लिहिलंय, इ आ का ए?" मी म्हटलं कापसाचं आहे ताई. त्यांनी काही विचारलं नाही पुढं, माझ्यासमोरच ओल्या कापडानं सगळं पुसून टाकलं, पावणेदोन मिनिटांचा माझा तक्ता दोन फटक्यांत गेला.

पास झालो ते नंतर मोबाइलवर कळलं. टक्केवारी विभागवार येते, आयपी कनेक्टिव्हिटी ज्याचं वजन सगळ्यात जास्त, २५ टक्के, त्यात चांगलं होतं, ऑटोमेशनमध्ये माझी हालत वाईटच होती अन त्याला कोणताही बोर्ड वाचवू शकला नसता, जेसन (डेटा लिहायची एक पद्धत) वाचायला अजून बसायचंय. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. पगार अजून तोच आहे, खांबही तेच आहेत, नागपूरला दोन ठिकाणी बायोडाटा देऊन ठेवलाय.

घरी पेढे वाटले त्या संध्याकाळी पुतणीनं सगळ्यांसमोर कविता म्हणून दाखवली, इथं आजीनं कापूस एकटीनं वेचला, नातू इकडं डाराडूर. आईला वाटलं तिच्यावरच केली. म्हणे कोणी शिकवलं हे तुले? काकानं, परीक्षेत लिहिलं काकानं. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "नातू नाई, पोरगा लिवाचं होतं." अन खरंच, त्या दोन महिन्यांत मी एक दिवसही वेचायला गेलो नव्हतो, एकदा पेपर आहे म्हणून अन एकदा पेपर झाला म्हणून. दुसऱ्या दिवशी सहा वाजता तिनं मला उठवलं. फरदडीचा (उशिराचा) कापूस उरला होता दोन तासं (ओळी), ओटी (वेचायची झोळी) माझ्या अंगावर फेकली अन म्हणे डाव्या हातानं वेच का उजव्या, पण चाल.